फवारणीनंतर काय उरते?

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर पॉलीहाऊसवाल्या शेतकऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: "थ्रिप्सवर सध्या कशाचा रिझल्ट आहे?" दुकानदाराचे उत्तरही ठरलेले. मागच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाला दिलेली बाटली तो पुढे सरकवतो, सोबत एक टॉनिक आणि एक स्टिकर. व्हॉट्सअॅपच्या गटांवर हाच व्यवहार फोटोसह चालतो. पानाचा फोटो टाकला की पाच मिनिटांत तीन औषधांची नावे आणि पंपाला किती मिली, ते हजर. या सगळ्यामागे एक समजूत आहे आणि ती शेतकऱ्यापासून कृषी पदवीधरापर्यंत बहुतेकांची आहे. कीड ओळखायची, तिच्यावर सर्वांत जास्त चालणारे औषध शोधायचे, योग्य मात्रेत मारायचे. झाली निवड.

माझे म्हणणे असे की, ही समजूत उघड्या शेतात कशीबशी निभावून जाते, पण हरितगृहात ती शेतकऱ्याला हळूहळू निःशस्त्र करते. कीड कशाने मरेल हा निवडीतला शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी विचारायचा प्रश्न म्हणजे फवारणीनंतर काय उरणार? कोणते किडे जिवंत राहणार, त्यांना खाणारे कोणी शिल्लक राहणार का, पानावर आणि तोडणाऱ्या बाईच्या हातावर काय राहणार, आणि पुढच्या महिन्यात वापरायला आपल्याकडे कोणता पर्याय राहणार. औषधाला बळी पडण्याचा किडीचा गुण हे पॉलीहाऊसचे भांडवल आहे आणि प्रत्येक फवारणीत ते थोडे खर्च होते. निवड करायची ती हा खर्च डोळ्यांसमोर ठेवून.

छत टाकले की हिशेब बदलतो

उघड्या शेतात आपल्या चुका निसर्ग थोड्याफार निस्तरत असतो. पाऊस पानावरचे औषध धुऊन नेतो, कडक ऊन त्याचे विघटन करते. शेजारच्या न फवारलेल्या बांधावरून, तणांवरून औषधाला अजून बळी पडणारे किडे येत राहतात, फवारणीतून वाचलेल्या निबर किड्यांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकारशक्ती विरळ होत जाते. ढालकिडे, क्रायसोपा, परजीवी गांधीलमाश्या आपापले काम न सांगता करत असतात. २०० मायक्रॉनचा कागद आणि बाजूची ४० मेशची जाळी या सगळ्यांना एकदम बाहेर ठेवते. आत पाऊस नाही, अतिनील किरणांचा बराच भाग कागदातच अडतो, म्हणून औषधाचे अंश जास्त काळ टिकतात. फुलकिडे, म्हणजेच थ्रिप्स, मात्र त्याच जाळीतून आरामात आत शिरतात, कारण त्यांच्या अंगाची रुंदी जाळीच्या भोकापेक्षा कमी असते. कीड आत आणि तिचे शत्रू बाहेर, अशी ही रचना आहे.

त्यात पीक सलग. जरबेरा एकदा लावला की दोन-तीन वर्षे उभा असतो, डच गुलाब त्याहूनही जास्त. किडीला उपवास घडतच नाही. तापमान ३० अंशांच्या आसपास असेल तर लाल कोळीला अंड्यापासून प्रौढ व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे एका वर्षात तिच्या कितीतरी पिढ्या आपण त्याच कागदाखाली, त्याच औषधांच्या माऱ्यात वाढवतो. निवड पद्धतीने वाण तयार करणारा पैदासकार याहून वेगळे काय करतो?

जीवशास्त्रातली एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे आणि ती शेतकरी मेळाव्यांत क्वचितच सांगितली जाते. पॉलीहाऊसच्या तीन मोठ्या किडी म्हणजे लाल कोळी, फुलकिडे आणि पांढरी माशी. तिघींमध्ये फलन न झालेल्या अंड्यांतून नर जन्मतात. अशा नराकडे जनुकांचा एकच संच असतो. इतर कीटकांत प्रतिकाराचे जनुक साध्या जनुकाच्या आडोशाला पिढ्यान् पिढ्या दबून राहू शकते. इथे आडोसाच नाही. नराकडे ते जनुक असेल तर तो फवारणीतून वाचतो, नसेल तर मरतो. छाननी लगेच होते आणि वाचलेला नर तो गुण आपल्या सगळ्या मुलींना देतो. लाल कोळीने जगभरात ९० हून अधिक सक्रिय घटकांना प्रतिकार दाखवल्याची नोंद आहे, ती उगाच नाही. आपण ज्या शत्रूशी लढतो आहोत, त्याची घडणच औषधांना शिकून घेणारी आहे.

बाटल्या तीन, गट एक

आता त्या बाटलीकडे या. एखाद्या पॉलीहाऊसची फवारणीची वही उघडली तर नोंदी बहुधा व्यापारी नावांनी केलेल्या सापडतात. सोमवारी एक, शुक्रवारी दुसरे, पुढच्या बुधवारी तिसरे. शेतकऱ्याला खात्री असते की तो औषधे बदलून मारतो आहे. बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचली की पहिल्यात इमिडाक्लोप्रिड, दुसऱ्यात थायमेथोक्झाम, तिसऱ्यात ॲसिटामिप्रिड निघते. तिन्ही निओनिकोटिनॉइड, किडीच्या मज्जासंस्थेतल्या एकाच ठिकाणी घाव घालणारी. किडीच्या दृष्टीने एकच औषध तीनदा मारले गेले.

कीटकनाशकांची अशी गटवारी करणारी आंतरराष्ट्रीय समिती, आयरॅक, १९८४ पासून काम करते. बुरशीनाशकांसाठी तशीच फ्रॅक ही समिती १९८१ पासून आहे. औषध किडीच्या शरीरात नेमके कुठे काम करते त्यावरून त्याला गट क्रमांक मिळतो. निओनिकोटिनॉइड ४ए. स्पिनोसॅड आणि स्पिनेटोरम दोन्ही ५. अबामेक्टिन आणि इमामेक्टिन ६. स्पायरोमेसिफेन आणि स्पायरोटेट्रामॅट २३. फेनपायरॉक्सिमेट, फेनाझाक्विन आणि टोल्फेनपायरॅड हे तिघेही २१ए. सायंट्रानिलिप्रोल २८, फ्लोनिकॅमिड २९. हे क्रमांक पाठ करायची गरज नाही, एका पुठ्ठ्यावर लिहून औषधांच्या कपाटाच्या दारावर चिकटवले तरी पुरे. "नवीन आलंय" म्हणून दिलेली बाटली जुन्याच गटातली असेल तर ती नवी नाही, हे त्या पुठ्ठ्यावरून कळते.

गटाकडे दुर्लक्ष केल्यावर काय होते ते स्पेनने दाखवले. दक्षिण स्पेनच्या हरितगृहांत ढोबळी मिरचीवरच्या फुलकिड्यांसाठी स्पिनोसॅड आले तेव्हा ते अत्यंत प्रभावी होते. म्हणूनच ते पुन्हापुन्हा मारले गेले. काही वर्षांतच तिथल्या फुलकिड्यांत त्याला इतका तीव्र प्रतिकार आढळला की चांगले औषध हातचे गेले. "सध्या कशाचा रिझल्ट आहे" या प्रश्नाचा धोका हाच. ज्याचा रिझल्ट आहे, ते सगळे एकदम मारतात आणि त्याचा रिझल्ट संपवतात.

‘आलटून-पालटून’ची अर्धी गोष्ट

यावर जाणकार म्हणतील, हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर आम्ही दर फवारणीला गट बदलायला सांगतो. हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो अर्धाच बरोबर आहे.

फुलकिड्याचे आयुष्य नीट पाहा. मादी अंडी पानाच्या किंवा पाकळीच्या पेशींत खुपसून घालते. त्यांतून निघालेली पिले कळीच्या आत रस खरवडतात. मग ती जमिनीवर पडतात, माती किंवा पालापाचोळ्यात कोषावस्थेत जातात आणि प्रौढ होऊन पुन्हा वर येतात. तुमची फवारणी होते त्या क्षणी एक तुकडी पेशींत सुरक्षित असते आणि दुसरी मातीत. म्हणून एका फवारणीने फुलकिडे कधीच संपत नाहीत. चार-पाच दिवसांनी पुन्हा तेवढेच दिसतात. शेतकरी म्हणतो, "औषध फेल गेलं," आणि वेगळ्या गटाची बाटली आणतो. पुन्हा चार दिवसांनी तिसरी.

आता पिढ्यांच्या बाजूने मोजा. उबदार हरितगृहात एक पिढी साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होते. तेवढ्यात एकाच पिढीवर तीन गट मारून झाले आणि पुढच्या पिढीवर पुन्हा तेच तीन. तिन्ही गटांना तोंड देऊ शकणारे किडे निवडण्याचे काम एकाच वेळी सुरू झाले. बदल फवारणीगणिक नव्हे, पिढीगणिक करायचा असतो. लेबलवरची मर्यादा पाळून एका पिढीच्या काळात एकाच गटाच्या दोन फवारण्या थोड्या अंतराने घ्यायच्या, म्हणजे पेशींतून आणि मातीतून मागाहून आलेले किडेही सापडतात. पुढच्या पिढीच्या काळात तो गट पूर्ण बंद ठेवायचा. कोष मातीत असतात म्हणून गादीवाफ्यावरचा पाचोळा आणि गळालेली फुले उचलून टाकणे ही सुद्धा ‘निवड’च आहे. त्याला बाटली लागत नाही म्हणून ती सल्ल्यात येत नाही, इतकेच.

दोन-तीन औषधांचे कॉकटेल करून मारण्याची सवय याहून वाईट. कॉकटेलमध्ये दोन गट एकदम खर्च होतात आणि काय चालले हे कधीच कळत नाही.

बुरशीनाशक म्हणजे कोणत्या बुरशीचे?

रोगांच्या बाबतीत वरवरची समजूत अधिक महाग पडते, कारण तिथे सुरुवातच चुकीच्या शत्रूपासून होते. काउंटरवर ‘बुरशीनाशक’ मागितले जाते, जणू बुरशी एकच आहे. जरबेराची रोपे मुळाशी कुजून कोलमडायला लागली की हमखास कार्बेन्डाझिमची आळवणी केली जाते. ही कूज बऱ्याचदा फायटोप्थोराची असते. फायटोप्थोरा, पिथियम आणि केवडा रोगाचे जीव खऱ्या बुरशीत मोडत नाहीत. कुळाने ते शैवालाच्या जवळचे आहेत. कार्बेन्डाझिम त्यांच्यावर काम करत नाही. पाकीट मोकळे होते, रोप मरते आणि शेतकरी दुप्पट मात्रेने तेच पुन्हा सोडतो. उलट मेटालॅक्झिल केवड्यावर चालते, भुरीवर नाही. आधी रोगाचे कूळ कळले पाहिजे. ते नुसत्या फोटोवरून दर वेळी कळत नाही. कुजलेले मूळ प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याचा खर्च एका आळवणीपेक्षा फार जास्त नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रोगाला पाणी लागते की नाही. बोट्रायटिसला पानावर किंवा पाकळीवर ओल लागते. केवड्यालाही लागते. भुरीला मात्र पानावर पाणी साचण्याची गरज नसते. दमट हवा तिला पुरते. म्हणून पावसाळ्यात पहाटे कागदाच्या आतून थेंब ठिबकणाऱ्या पॉलीहाऊसमध्ये बोट्रायटिसवर कितीही भारी औषध मारले तरी ते हरणारच. पडदे कधी उघडायचे, फॉगर किती वाजता बंद करायचे, शेवटचे पाणी दुपारनंतर द्यायचे की नाही, हे निर्णय त्या बाटलीपेक्षा जास्त रोग थांबवतात. हवा खेळती करून जितक्या फवारण्या वाचतील, तितकी औषधांची धार टिकेल.

आणि इथेही गट आहेतच. स्ट्रॉबिल्युरिन बुरशीनाशके १९९६ च्या सुमारास बाजारात आली आणि ‘सर्व रोगांवर एक’ म्हणून गाजली. ती बुरशीच्या पेशीत एका नेमक्या जागी बसतात. त्या जागेच्या प्रथिनात एक अमिनो आम्ल बदलले की औषध बसायला जागाच उरत नाही. १९९० चे दशक संपायच्या आतच जपानमध्ये काकडीच्या भुरीत आणि केवड्यात असा प्रतिकार सापडला. याच्या उलट मँकोझेब, तांबे, गंधक ही जुनी बहुस्थानी औषधे. ती बुरशीवर एकाच वेळी अनेक जागी मारा करतात, त्यामुळे दशके उलटली तरी त्यांना सहसा प्रतिकार आलेला नाही. त्यांचा बोलबाला होत नाही, कारण ती रोग आल्यावर बरा करत नाहीत, येण्याआधी अडवतात. निवडीचा साधा नियम यातून निघतो. रोजच्या संरक्षणाला बहुस्थानी औषध ठेवा, आणि नेम धरून एकाच जागी मारणारे महागडे औषध हवामान बिघडेल त्या आठवड्यासाठी राखून ठेवा. गंधकाचे मात्र उन्हाळ्यात भान ठेवावे लागते. तापमान तिशीच्या वर गेले की ते पाने जाळते.

त्रिकोणाचा रंग आणि तोडणीचे हात

आपल्या देशात १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या १९७१ च्या नियमांनुसार प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण छापावा लागतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. माणसाला एकाच वेळच्या संपर्काने किती विषबाधा होईल, एवढेच तो सांगतो. उंदरांवरच्या चाचणीत तोंडावाटे दिलेल्या औषधाची प्राणघातक मात्रा किलोमागे ५० मिलीग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५,००० च्या वर असेल तर हिरवा. शेतकरी तो उलटा वाचतात. लाल म्हणजे ‘कडक’, हिरवा म्हणजे ‘पाणी’. किडीवर औषध किती चालेल याचा त्या रंगाशी संबंध नाही. मित्रकीटकांचाही नाही. स्पिनोसॅड माणसाला तुलनेने सौम्य, पण ओले असताना मधमाश्यांना घातक आहे.

बंद छताखाली या रंगाचा अर्थ अधिक गंभीर होतो, कारण फवारा वाऱ्याने निघून जात नाही आणि फवारणारा त्याच धुक्यात उभा असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते तर उघडे शेत होते.

फुलशेतीत एक युक्तिवाद सर्रास ऐकू येतो: "फुलं कोण खातं? अंशांची काळजी भाजीवाल्यांनी करावी." फुलांना अन्नासारखी अवशेष-मर्यादा नसते हे खरे, आणि त्यामुळेच निवड बेफिकीर होते. पण जरबेराचे फूल कात्रीने कापत नाहीत. दांडा बुडाशी धरून, थोडा पिरगाळून उपटतात. हे काम रोज सकाळी, बहुधा बायका, बहुधा उघड्या हातांनी करतात. बेल्जियममध्ये गुलाब, जरबेरा आणि शेवंतीचे ९० गुच्छ तपासले गेले तेव्हा त्यांत एकूण १०७ रसायनांचे अंश सापडले. अभ्यासकांना चिंता होती ती दुकानात दिवसभर गुच्छ बांधणाऱ्यांच्या हातांची. तळेगाव-मावळातल्या तोडणीच्या हातांची अशी मोजणी केली तर काय निघेल, याचा अंदाज बांधायला तज्ज्ञ लागत नाही. संध्याकाळी फवारून सकाळी सातला तोडणी, हे वेळापत्रक असलेल्या पॉलीहाऊसमध्ये लाल आणि पिवळ्या त्रिकोणाला जागा असता कामा नये.

भाजीत हाच प्रश्न दिवसांच्या रूपात येतो. काकडी एक दिवसाआड तुटते. ज्या औषधाचा काढणीपूर्व काळ सात दिवसांचा आहे, ते मारायचे तर तीन तोडे फेकायची तयारी हवी. कोणी फेकत नाही. म्हणजे ते औषध काकडी सुरू झाल्यावर आपल्या यादीतच नसले पाहिजे, मग त्याचा रिझल्ट कितीही असो. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार हा धडा मार खाऊन शिकले. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे युरोपात माल अडकला. आज निर्यातीचा बागायतदार काढणीच्या तारखेपासून मागे दिवस मोजत औषध निवडतो. पॉलीहाऊसच्या भाजीवाल्याला ही सवय लावणारा युरोपचा धाक नाही, एवढाच फरक आहे.

मित्रकीटक आधी, औषध नंतर

हरितगृहात किडीविरुद्ध कीटक वापरण्याची कल्पना हल्लीची नाही. १९२६ मध्ये इंग्लंडमधल्या एका टोमॅटो उत्पादकाला पांढऱ्या माशीची पिले काळी पडलेली दिसली. चेशंटच्या संशोधन केंद्रात त्यांतून एन्कार्शिया फॉर्मोसा ही इवलीशी परजीवी गांधीलमाशी निघाली. पुढे ती लाखोंच्या संख्येने रोपवाटिकांना पुरवली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि हा पुरवठा थांबला. १९६७ मध्ये नेदरलँड्समधले काकडी उत्पादक यान कॉपर्ट यांनी फवाऱ्यांच्या ॲलर्जीला कंटाळून लाल कोळी खाणारे भक्षक कोळी वापरायला सुरुवात केली आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. स्पेनमधल्या अल्मेरियाला हे वळण सक्तीने घ्यावे लागले. २००६ च्या अखेरीस जर्मनीत स्पॅनिश ढोबळी मिरचीत बंदी असलेल्या आयसोफेन्फॉस-मिथाइलचे अंश सापडले, बाजार कोसळला आणि दोन-तीन हंगामांत तिथली बहुतेक ढोबळी मिरची भक्षक कोळी आणि ओरियस ढेकणांवर आली.

या इतिहासातून मला औषधनिवडीचा एक नियम दिसतो. तिथे आधी मित्रकीटक ठरवतात आणि मग त्यांना न मारणारे औषध शोधतात. आपण उलटे करतो, आणि म्हणून एक औषध दुसऱ्या किडीला जन्म देते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारल्यावर लाल कोळी उफाळतो हे प्रत्येक गुलाबवाल्याला अनुभवाने माहीत आहे, कारण कोळी खाणारे आधी मरतात. इमिडाक्लोप्रिडची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये भुंगेऱ्यांसाठी एल्मच्या झाडांना ते दिले गेले आणि त्या झाडांवर कोळ्यांचा उद्रेक झाला. शत्रू मेले हे एक कारण, पण औषध मिळालेल्या झाडांवर कोळ्यांचे प्रजननही वाढलेले आढळले. मावा गेला, कोळी आला, कोळीनाशकाचे बिल वाढले. अशा वेळी ‘कशाचा रिझल्ट आहे’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे?

आक्षेप आणि उत्तरे

१. *"किडीने पॉलीहाऊस भरून गेल्यावर हिशेब कसला? तेव्हा मारावेच लागते."* खरे आहे. पण भरून जाईपर्यंत कोणी पाहिले नाही, ही त्या वेळची खरी अडचण असते. लाल कोळी सहसा एका कोपऱ्यात, दाराजवळ, गरम बाजूच्या दोन-चार झाडांवर सुरू होतो. दहा गुंठ्यांत आठवड्यातून दोनदा भिंग घेऊन पानांची खालची बाजू बघायला आणि पिवळे-निळे चिकट सापळे मोजायला फार वेळ लागत नाही. तेवढ्याच वाफ्यांवर फवारले तर उरलेल्या क्षेत्रात औषधाला बळी पडणारे किडे शिल्लक राहतात. बाहेरच्या बांधाचे काम आतला न फवारलेला वाफा करतो.

२. *"युरोपातले भक्षक आपल्याकडे मिळतात कुठे?"* हा आक्षेप मला मान्य आहे. अल्मेरियात बाटलीतून विकत मिळणारे भक्षक आपल्या काउंटरवर नाहीत. निओसियुलस लाँगिस्पिनोसससारख्या देशी भक्षक कोळ्यांवर आपल्या संशोधन संस्थांत काम झाले आहे, पण प्रयोगशाळेतून पॉलीहाऊसपर्यंतची साखळी उभी नाही. एप्रिल-मेच्या उष्म्यात ते टिकवणेही कठीण. मात्र बिव्हेरिया, मेटारायझियम, लेकॅनिसिलियम, ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशींना ही सबब लागू नाही. कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून ती मिळतात आणि पावसाळ्यातली दमट हवा त्यांना मानवते. ती ‘चालत नाहीत’ याचे एक कारण आपणच असतो. बिव्हेरिया मारून दुसऱ्या दिवशी मँकोझेब मारणारा शेतकरी स्वतःची बुरशी स्वतः मारतो. दुसरे कारण बाजारातली लबाडी. ‘जैविक’ म्हणून विकलेल्या ज्या बाटलीने तासाभरात किडे पटापट पडतात, तिच्यात रसायन नाही असे समजणे भाबडेपणाचे आहे.

३. *"लेबल क्लेम पाळायचा तर मारायला काही उरतच नाही."* गुलाबावरच्या कोळीसाठी अबामेक्टिनचे लेबल आहे, जरबेरा, कार्नेशनचे नाव डब्यांवर शोधून सापडणे कठीण. ही शेतकऱ्याची चूक नाही. या पिकांसाठी चाचण्या करून नोंदणी घेण्यात कंपन्यांना फायदा दिसत नाही आणि शासन त्यांना भाग पाडत नाही. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. पर्याय आधीच थोडे आहेत आणि ते कमीच होत जाणार आहेत. पॉलीहाऊसमध्ये धूर केल्यासारखे वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस २०२० च्या अखेरीस बंद झाले. कोळीवरचे जुने डायकोफॉल आणि भुरीवरचे डिनोकॅप २०२३ मध्ये गेले. ज्याच्या कपाटात बाटल्या मोजक्याच आहेत, त्याने त्या जपून वापरल्या पाहिजेत.

४. *"प्रत्येक अपयश प्रतिकारशक्तीच्या माथी मारू नका."* हेही बरोबर. पाणी तपासले नाही तर निवड वाया जाते. आपल्याकडच्या अनेक विहिरी-बोअरचे पाणी विम्लधर्मी असते. कॅप्टान सामू ५ च्या पाण्यात दिवसभर टिकते. सामू ८ ला काही मिनिटांत निम्मे उरते. टाकी भरून जेवायला गेलेला माणूस परत येऊन नुसते पाणी फवारतो. कोळी पानाखाली आणि फवारा पानावर, हे दुसरे कारण. म्हणून औषध बदलण्याआधी सामू, नोझल आणि पानाची खालची बाजू तपासावी. तरीही किडे वाचले, तर मात्र तो गट काही महिने कपाटात राहू द्या.

मग निवड कशी करायची

हंगामाच्या सुरुवातीला, कीड नसताना. आधी आपल्या पिकाच्या तीन-चार मुख्य किडी-रोगांसमोर चालणाऱ्या गटांचे क्रमांक लिहायचे. त्यातून तोडणीच्या वेळापत्रकात न बसणारी आणि लाल-पिवळ्या त्रिकोणाची औषधे काढून टाकायची. मित्रकीटकांना सर्वांत कमी त्रास देणारी औषधे सुरुवातीच्या महिन्यांत, जहाल औषधे शेवटी. प्रत्येक किडीसाठी एक चांगला गट वर्षभर न वापरता राखून ठेवायचा. तो कधी वापरायचा हे आधीच लिहून ठेवा. संकटात कोणाचा विवेक जागेवर नसतो. वहीत व्यापारी नावाशेजारी घटकाचे नाव आणि गट क्रमांक आलाच पाहिजे. दुकानदाराकडे जायचे ते या यादीतली बाटली मागायला, सल्ला मागायला नव्हे.

यात शासनाने करण्यासारखी एक गोष्ट अगदी स्वस्त आहे. ऑस्ट्रेलियात औषधाच्या डब्यावर गटाची खूण ठळक पट्ट्यात छापलेली असते. आपल्याकडे ती सक्तीची नाही. काही कंपन्या छापतात, बऱ्याच नाही. जिथे चार रंगांचा त्रिकोण छापणे बंधनकारक आहे, तिथे शेजारी एक अंक छापायला ना नवे संशोधन लागते ना अनुदान. केंद्रीय नोंदणी समितीने तो सक्तीचा करावा, आणि फूल उत्पादकांच्या संघटनांनी त्यासाठी मागे लागावे. तोवर, वाचकहो, बाटली घरी आणल्यावर तिच्यावर मार्करने गट क्रमांक आणि शेवटच्या वापराची तारीख स्वतः लिहा आणि मगच ती कपाटात ठेवा.